खुशीचे पैसे

दारावरची घंटा वाजते. तुम्ही दार उघडता. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन गॅसवाले चाचा उभे असतात. आई शेजारी गेलेली असते. जाताना तिने पैसे मोजून ठेवलेले असतात. चाचा टाकी आत ठेवतात, पावती देतात आणि म्हणतात, "वरचे वीस रुपये द्या." आता तुम्ही काय कराल?

उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार करू. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीचे स्वतःचे वजन धरले, तर हे ओझे सुमारे ३० किलो होते. मे महिन्यात नंदुरबारला पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात चाचा दारोदार टाक्या पोहोचवतात, जिने चढतात. त्यांचे काम कष्टाचे आहे.

आता पावती पाहा. तिच्यावरील किमतीत टाकी घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो. एजन्सीच्या ठरलेल्या हद्दीत त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे वरचे पैसे आपण खुशीने देऊ शकतो, पण ते कोणी सक्तीने घेऊ शकत नाही.

खुशीने देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. दिवाळीत दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, रखवालदार यांना लोक पैसे किंवा फराळ देतात. त्याला 'दिवाळीची पोस्त' म्हणतात. ईदला तुम्हांला ईदी मिळते. ती घेताना तुम्हांला किती आनंद होतो! मराठीतील 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला आहे. उर्दूतील 'बख्शिश' तो हाच. स्पर्धेत मिळालेल्या इनामालाही मराठीत बक्षीस म्हणतात. बक्षीस कोणतेही असो, ते देणाऱ्याच्या मनातून यावे लागते.

देश तशी रीत असते. अमेरिकेत हॉटेलात वाढणाऱ्याला वरचे पैसे न देणे असभ्य समजतात. जपानमध्ये मात्र असे पैसे देण्याची पद्धत नाही.

आपल्याकडे काही घरांत वीस रुपयांत एका वेळची भाजी येते. अशा घरांनाही कधी कधी वरचे पैसे द्यावे लागतात. 'पुढची टाकी उशिरा आली तर?' या भीतीने ती माणसे काही बोलत नाहीत. भीतीने दिलेल्या पैशांना बक्षीस कसे म्हणावे? चाचांची मजुरी कमी असेल, तर ती वाढवणे मालकाचे काम आहे. त्याचा भार गरीब गिऱ्हाइकावर पडू नये.

मग तुम्ही काय कराल? आधी चाचांना थंड पाणी द्या. पावती वाचून तेवढे पैसे द्या. उरलेले सुटे पैसे मागायला लाजू नका. नम्रपणे म्हणा, "चाचा, वरच्या पैशांचे आईला विचारून सांगतो." आईने चाचांसाठी काही ठेवले असेल, तर ते हसतमुखाने त्यांच्या हातात द्या. दुरून टाकू नका. आणि देण्यासारखे काही नसले, तरी 'शुक्रिया' म्हणायला विसरू नका.

आज घरी विचारा, आपल्या दारी वस्तू आणणारी माणसे कोण कोण आहेत? त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का?