पांदण मोकळी झाली ती दहा वर्षं

मे 2025 मध्ये सरकारनं शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद करून त्याची नोंद सातबाऱ्यावर घ्यायचं ठरवलं. पाठोपाठ आलेल्या पावसानं नांदेड जिल्हा धुऊन काढला. भोकरच्या काळ्या रानात मळणीयंत्र गंजीपर्यंत पोचेना आणि सोयाबीनच्या शेंगांना उभ्या गंजीत मोड फुटले. माझ्या गावात ती नोंद अजून झालेली नाही.

कायद्याची वाण कधीच नव्हती. अडवलेली वाट खुली करायला 1906 चा मामलतदार न्यायालय कायदा आहे, बांधावरून नवी वाट द्यायला 1966 च्या महसूल संहितेचं कलम 143 आहे. गावनकाशात गाडीवाटेची तुटक दुहेरी रेघही आहेच. तरी अर्ज अन् तारखांत वर्षं गेली. रोजगार हमीत माती पडली, ती पावसाबरोबर गेली.

काम झालं ते 2011 च्या सुवर्णजयंती राजस्व अभियानानंतर. अतिक्रमणात बुजलेल्या पांदणी लोकसहभागातून मोकळ्या करायच्या, असं त्यात होतं. उन्हाळ्यात, रानं रिकामी असताना, मारुतीच्या पारावर बैठक बसायची. तलाठी नकाशा पसरायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचा. कुणाचा बांध किती सरकला ते गावासमोर दिसायचं. भावकीच्या वादात बोलणं टाकलेले दोघे त्या नकाशावर वाकलेले मी पाहिले. "तू दोन हात सोड, मीबी सोडतो," एवढं ठरलं की सकाळी कुऱ्हाडी घेऊन माणसं बाभळी तोडायला हजर. जेसीबीच्या डिझेलची वर्गणी एकरामागं, मुरूम माळवाल्याकडून फुकट, पसरायला बाया टोपली घेऊन. दोन्ही अंगांनी नाली काढलीच पाहिजे, हा म्हाताऱ्यांचा हट्ट. काळी माती पाणी पिऊन फुगते, मग वरचा मुरूम गिळते, हे त्यांना ठाऊक होतं.

रात्रीतून बोराटीच्या काट्या टाकून वाट बुजवणारे मी विसरलेलो नाही. वर्गणीत रुपया न घालता नारळ फोडायला आलेले पुढारीही नाही.

2018 मध्ये पालकमंत्री पाणंद रस्ते योजना आली, 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी. पैसा आला हे बरंच झालं. कोरडवाहू माणसाकडं किती दिवस वर्गणी मागायची? पण त्या पैशापायी पारावरची बैठक मोडली, याचा राग जात नाही. आता अंदाजपत्रक तालुक्याला होतं. मजुरी 60 टक्के, साहित्य 40 टक्के, हे रोजगार हमीचं प्रमाण जुळवण्यात फाईल अडते. शेवटी ठेकेदार येतो, नालीवाचून मुरूम ओततो आणि एखादा शेतकरी बांधावर आडवा झाला की तिथूनच यंत्र माघारी नेतो. त्या शेतकऱ्याशी कुणी बोललेलंच नसतं.

सातबाऱ्यावर नोंद घेताय ना, मग आधी तलाठ्याला नकाशा घेऊन पारावर पाठवा. मोजणी गावादेखत होऊ द्या, तिचा खर्च सरकारनं सोसावा. आमच्या पांदणीचा ओढ्याकडचा तुकडा अजून कच्चाच आहे. तिथं पाईप टाकून भराव केला, तर पुढच्या दसऱ्याला पलीकडच्या रानातलं सोयाबीन वेळेवर घरी येईल.