साहेबांनी सांगितलेलं अर्थिंग चुकीचं असेल तर?

मंडळी, शिरपूरच्या वायरमन बांधवांकडून एक चिठ्ठी आली आहे. निरीक्षकांनी कॉम्प्युटरसाठी वेगळा खड्डा करायला सांगितला, तोही मुख्य अर्थिंगला न जोडता. उद्या कुणाला शॉक बसला तर जबाबदार कोण?

आधी हे चूक का, ते बघू. समजा डीपीच्या अर्थिंगचा रोध २ ओहम आणि आपल्या मुख्य खड्ड्याचा ८. (इथल्या काळ्या मातीला वैशाखात भेगा पडल्या की आठाचे किती होतात, ते अर्थ टेस्टर लावून बघा एकदा.) मोटारीच्या बॉडीला फेज लागला, तर प्रवाह २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. ३२ची एमसीबी पडणारच नाही. बॉडीवर मात्र २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट. शेजारच्या कॉम्प्युटरची बॉडी दुसऱ्या खड्ड्यावर, जवळपास शून्यावर. एक हात इकडे, एक तिकडे, की संपलं. दोन्ही खड्डे जोडलेले असते तर दोन्ही बॉड्या एकाच व्होल्टेजवर राहिल्या असत्या, आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवलेला असता, तर खड्डे जोडलेले असोत वा नसोत, तो क्षणात पडला असता. मीठ-कोळसा कितीही ओता, हे काम एकट्या खड्ड्याचं नाही. आयएस ३०४३चा रोखही खड्डे एकमेकांना जोडण्याकडेच आहे.

आता जबाबदारी. विद्युत अधिनियम, २००३च्या कलम १६२ खाली निरीक्षक नेमले जातात. कलम १६८ म्हणतं, सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर दावा किंवा खटला नाही. मग सद्भावना म्हणजे काय? इथं गंमत आहे. फौजदारी कायद्यात योग्य काळजी न घेता केलेलं काम सद्भावनेचं धरत नाहीत. पण जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ सांगतो की प्रामाणिकपणे केलं म्हणजे सद्भावना, निष्काळजीपणा झाला असला तरी! म्हणजे साहेब प्रामाणिकपणे चुकले, तर त्यांना हे छत्र मिळण्याची शक्यता बरीच. मुद्दाम किंवा पैसे खाऊन केलं असेल, तर नाही.

आणि तुम्ही? टेस्ट रिपोर्टवर सही लायसन्सवाल्या कंत्राटदाराची आणि सुपरवायझरची असते. १६८चं छत्र त्यांच्यासाठी नाही. "साहेबांनी सांगितलं होतं" एवढ्यानं ती सही पुसली जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे ते असं आहे.

म्हणून भांडू नका, लिहा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांतला कुठला विनियम मोडला, ते लेखी मागा. माझा अनुभव असा, की कलम विचारलं की बरेच साहेब रागावत नाहीत, पुस्तक उघडतात. नाहीच पटलं, तर १६२ मध्येच राज्य सरकारकडे अपिलाची सोय आहे. पण तोंडी सूचनेविरुद्ध अपील करणार कशाच्या आधारावर? तुमच्या पत्राला जोडणीची आकृती लावा, टेस्टरचं रीडिंग तारखेसह लिहा, आणि स्थळप्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.