विजेची करवत हातात घेण्याआधी

  कर्जाचे हप्ते, शेळीपालन, पापड-मसाले यांवर आपण नेहमी बोलतो. आज बोलू या विजेवर चालणाऱ्या चेनसॉबद्दल, म्हणजे साखळीच्या करवतीबद्दल. आपल्याकडे कुणी तिला कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन.

हा पुरुषांचा विषय, आपल्याला काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण मशीन चालवणारा पुरुष असला तरी ओंडका पाय देऊन कोण धरतं? फांदी ओढून कोण धरतं? बहुतेक वेळा आपणच. म्हणजे धोका आपल्यालाही तेवढाच. आता तर काही ठिकाणी गटाने मिळून असं मशीन घ्यायचं, सरपणासाठी वापरायचं आणि भाड्याने द्यायचं, असा विचार होतो. फार्महाऊसवर बागकामाला जाणाऱ्या बायकांच्या हातातही हे मशीन दिलं जातं. ‘बटण दाबलं की चालतं’ एवढीच शिकवण मिळते. ती पुरेशी नाही.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर आलं, पण झळ आत डोंगरापर्यंत पोचली. झाडं पडली, खांब वाकले, घरांवरचे पत्रे उडाले. अशा वेळी जो तो हाताला येईल ते हत्यार घेऊन फांद्या तोडायला धावतो. घाई असते, जमीन ओली असते, तारा लोंबत असतात. म्हणून हे शिकायचं ते वादळाआधी, कोरड्या दिवसांत आणि निवांत वेळी.

कोयता आणि मशीन यांतला फरक

राबासाठी फांद्या तोडणं, सरपण फोडणं, कुंपणाची काठी तासणं ही कामं आपण लहानपणापासून कोयत्याने आणि कुऱ्हाडीने करतो. कोयत्याला जोर आपल्या हाताचा असतो. हात थांबला की कोयता थांबला. चेनसॉचं तसं नाही. तिच्यात एक लोखंडी पट्टी असते, तिला बार म्हणतात. त्या पट्टीभोवती दात असलेली साखळी फिरते, सेकंदाला दहा-पंधरा मीटर इतक्या वेगाने. हाताला काही कळायच्या आत ती कापून पुढे गेलेली असते. विजेचं मशीन पेट्रोलच्या मशीनपेक्षा कमी आवाज करतं, धूर सोडत नाही, म्हणून ते गरीब वाटतं. पण दात तेच आहेत.

विजेची मशीनं दोन प्रकारची. एक वायरची, दुसरी बॅटरीची. वायरचं मशीन सलग चालतं, पण वीज गेली की ते नुसतं वजन. वादळानंतर वीज नसतेच, हे गट म्हणून मशीन घेताना ध्यानात ठेवा. बॅटरीचं मशीन कुठेही नेता येतं, पण चार्ज संपला की थांबतं. बॅटरीचं म्हणजे खेळण्यातलं, असं मात्र समजू नका.

आधी वीज सांभाळा

वायरचं मशीन साधारण दोन हजार वॅटचं असतं. म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतं. टीव्ही किंवा मोबाईल लावतो तो लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. तो तापतो, वितळतो. मोठा, सोळा अँपिअरचा सॉकेटच हवा.

जोडवायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची घ्या. लांबी पन्नास-साठ फुटांच्या वर गेली तर अडीचची घ्या. वायर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवलं तर वेटोळ्यात ती तापते, म्हणून ती पूर्ण उलगडायची. पिन नाही म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये आगकाडीने खोचायच्या, किंवा आकडा टाकून वीज घ्यायची, हे करूच नका. मीटरजवळ आरसीसीबी नावाचं स्विच बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचं. वायर कापली गेली आणि करंट अंगातून जमिनीत जाऊ लागला तर ते वीज लगेच तोडतं.

काम करताना वायर नेहमी आपल्या पाठीमागे असावी, उजव्या खांद्यावरून सोडली तरी चालेल. साखळीसमोर वायर येता कामा नये. आणि पाऊस पडत असेल, गवत ओलं असेल, हात ओले असतील तर विजेचं मशीन बाहेर काढायचंच नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर म्हणजे बहुतेक दिवस हे मशीन घरात.

अंगावर काय असावं

साडी असेल तर पदर घट्ट खोचलेला, ड्रेस असेल तर ओढणी काढून ठेवलेली. सलवार किंवा पँट आणि अंगाबरोबरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट सगळ्यात चांगला. केस बांधून रुमालाखाली. मंगळसूत्र कपड्याच्या आत, लोंबते कानातले काढलेले. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण भुसा आणि ढलपी थेट डोळ्यात उडते. पायात चप्पल नको, जाड बूट हवेत. हातात पकड न सुटणारे मोजे, कानात बोळे. वरून काही पडण्याचा संभव असेल तर हेल्मेट. चेनसॉसाठी खास जाड धाग्यांची पँट मिळते. ती जखम कमी करते, पण ती घातली म्हणून बेफिकीर होता येत नाही.

मशीन तपासायची पद्धत

साखळीला हात लावण्याआधी प्लग काढा, बॅटरी असेल तर बॅटरी काढा. हा नियम मीठ-भाकरीसारखा रोजचा.

मग साखळीचा ताण पाहा. पट्टीच्या मधोमध साखळी बोटाने उचलली तर थोडी वर यावी, पण खालचे दात खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. मोजा घालून ओढली तर ती फिरली पाहिजे. सैल साखळी निसटून अंगावर येते, फार घट्ट असेल तर मोटर तापते. नवी साखळी पहिल्या काही कामांत ढिली पडते, ती पुन्हा ताणावी. गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर थोडी सैल करा, कारण गार होताना ती आवळते.

तेलाची टाकी पाहा. साखळीचं तेल वेगळं मिळतं तेच घाला. गाडीतलं काळं, जळकं तेल हाताच्या कातडीलाही वाईट आणि मातीलाही. तेल येतं का हे पाहायला पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरून मशीन क्षणभर चालवा. तेलाची रेघ दिसली पाहिजे.

धार ओळखणं सोपं आहे. लाकडातून मोठ्या ढलप्या पडल्या तर धार चांगली. पिठासारखा भुसा पडू लागला तर धार गेली. मग आपण जोर लावायला लागतो आणि तिथेच तोल जातो. साखळीच्या मापाच्या गोल कानशीने धार लावून घ्या.

उसळी कशी येते

चेनसॉच्या बऱ्याच जखमा एका कारणाने होतात. ते कारण समजलं की अर्धा धोका गेला. पट्टीचं टोक गोल असतं. त्याला अर्धी भाकरी समजा. त्या अर्ध्या भाकरीचा वरचा तुकडा लाकडाला, दगडाला किंवा मागच्या फांदीला लागला, तर साखळी तिथे अडते आणि सगळं मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत वर आणि मागे, आपल्या तोंडाकडे उडतं. हीच उसळी.

म्हणून टोकाने कधी कापायचं नाही. फांद्यांच्या गचपणात टोक खुपसायचं नाही. पुढच्या मुठीसमोर एक आडवा दांडा असतो, तो चेन ब्रेक. मशीन उसळलं की दांडा मनगटावर आपटतो आणि साखळी थांबते. काही जण तो आड येतो म्हणून काढून टाकतात. असं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

डावा हात पुढच्या मुठीवर, उजवा मागच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून पूर्ण वळवलेला. डावखुरी बाई असली तरी पकड हीच. पाय फाकून, दोन्ही पाय जमिनीवर. आपलं डोकं आणि छाती पट्टीच्या सरळ रेषेत नको, आपण थोडं डावीकडे उभं राहायचं. एका हाताने नाही, खांद्याच्या वर नाही, शिडीवर किंवा झाडावर चढून तर मुळीच नाही.

ओंडका कापताना

आम्ही इथे जमिनीवर पडलेल्या लाकडाबद्दलच बोलतो आहोत. उभं झाड पाडणं हे वेगळं कसब आहे. ते जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि झाडाच्या उंचीच्या दुपटीइतकं लांब थांबा.

लाकूड माणसाने पाय देऊन धरायचं नाही. दोन इंग्रजी ‘एक्स’सारख्या फळ्या ठोकून घोडी करा, ओंडका तिच्यात बसतो. मदतनीस पंधरा फूट लांब. मुलं, शेळ्या, कोंबड्या त्याहून लांब.

लाकूड कुठे टेकलं आहे ते आधी पाहा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळ असेल तर लाकूड मधोमध खाली वाकतं, वरची बाजू आवळते. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं लोंबत असेल तर उलट. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. असं केलं तर पट्टी अडकत नाही आणि लाकूड चिरफाळत नाही. खालून कापताना मशीन आपल्याकडे ढकललं जातं, तेव्हा पकड आणखी घट्ट हवी. उतारावर असाल तर चढाच्या बाजूला उभ्या राहा, ओंडका गडगडतो.

साखळी पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावा. पट्टी अडकली तर ओढाताण नको. बटण सोडा, प्लग काढा, फटीत लाकडी पाचर ठोका आणि पट्टी मोकळी करा. वीस मिनिटांनी विसावा घ्या. दमलेला हात चुकतो. एकटीने, अंधारात किंवा तापात हे काम करू नका.

तार पडली असेल तर

झाडावर किंवा झाडाखाली विजेची तार असेल तर त्या झाडाला हात लावायचा नाही, मशीनने नाही आणि कोयत्यानेही नाही. ओलं लाकूड करंट वाहून नेतं. तीस-पस्तीस फूट लांब राहा, इतरांना अडवा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. वीज गेली म्हणजे तार मेली, असं धरून चालू नका.

परवानगीचं काय

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे आपल्या मालकीच्या जागेतली काही झाडंही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, ऐन, किंजळ, खैर ही आपल्याकडची त्यातली ओळखीची नावं. ठाकूर, कातकरी भगिनींनी आणखी एक जाणून घ्यावं. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापारी दारात येऊन रोख दाखवतो म्हणून सौदा करू नका. माथेरानभोवतीचा भाग २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे नियम आणखी कडक आहेत. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

जखम झाली तर

पहिलं काम मशीनची वीज बंद करणं. मग स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, जोरात आणि सतत. कापड भिजलं तर ते काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नका, डॉक्टरांना ती साफ करायला त्रास होतो. १०८ ला फोन लावा. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. करंट लागला असेल तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

गटाने मशीन घेतलं असेल तर ठरावाच्या वहीत चार गोष्टी लिहा. शिकलेल्या दोघीच ते चालवतील. अठरा वर्षांखालच्या कुणाच्या हातात ते जाणार नाही. भाड्याने देताना चष्मा, मोजे आणि चेन ब्रेक तपासूनच दिलं जाईल. परत आल्यावर भुसा झाडून, पट्टीला आवरण घालून ते कुलपात ठेवलं जाईल.

हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा, आणि मशीन असेल तर ते समोर ठेवून, प्लग काढून, एकेक भाग सगळ्यांना दाखवा. घरातल्या पुरुषांनाही बसवा. सरपण उद्याही तोडता येईल, हात-पाय जपले पाहिजेत.