वालधुनीच्या पाण्याची परीक्षा

अंबरनाथच्या सन १०६० मधील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी उल्हासनगरातून पुढे जाऊन कल्याणनजीक उल्हास नदीस मिळते. वाटेत तिच्यात वस्तीचे व कारखान्यांचे सांडपाणी पडते. मुले तिला नालाच म्हणतात, यात त्यांचा दोष नाही. परंतु पाणी किती बिघडले, हे रंगावरून अगर दुर्गंधीवरून सांगता येत नाही; ते मोजावे लागते.

२७ अंश सेल्सिअस उष्णमानाच्या एक लिटर स्वच्छ गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. त्यावर मासे जगतात. मळ कुजविणारे सूक्ष्म जंतूही तोच वापरतात. म्हणून नमुन्यातील प्राणवायू मोजून बाटली घट्ट बंद करतात, ती अंधारात त्याच उष्णमानात तीन दिवस ठेवतात व पुन्हा मोजतात. जितकी घट अधिक, तितका मळ अधिक. फार मलिन पाण्यातील प्राणवायू मुदतीपूर्वीच संपेल. सबब ते आधी ठराविक प्रमाणात स्वच्छ पाणी मिसळून विरळ करतात. स्नानयोग्य पाण्यात ही घट लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असे शासकीय मानक आहे.

कल्याणच्या पुढे उल्हासची खाडी होते. तेथे भरतीच्या पाण्याने मळ विरळ होतो आणि ओहोटीस बहुधा आकडा चढतो. तेव्हा एकाच नमुन्यावरून खाडी सुधारली असे म्हणणे धाडसाचे होय. नोंदीत तारीख व वेळ यांबरोबर भरती की ओहोटी, उधाण की भांग, हेही हवे. कोळीवाड्यातील मुलास हे शब्द शिकवावे लागणार नाहीत. वर्गाने ते त्याच्याकडूनच समजून घ्यावेत.