शाळेसाठी बहुउपयोगी प्रिंटर घेताना

छपाई, नक्कल व स्कॅन ही तिन्ही कामे करणारा प्रिंटर शाळेच्या संयुक्त अनुदानातून घेण्याचा विचार अनेक शिक्षकबंधुभगिनी करीत असतात. ही तीन कामे असे प्रत्येक यंत्र करते. निवडीचा प्रश्न उद्भवतो तो जोडीला मिळणाऱ्या अधिक सोयींबाबत. दुकानदार त्यांची लांबलचक यादी वाचून दाखवितो. परंतु त्यांतील आपल्या शाळेच्या कामाच्या कोणत्या, हे त्यास ठाऊक नसते.

शाळेतील सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे जनरल रजिस्टर. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा १९६७ पूर्वीची रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. त्या सुमारास एका शाळेत घडलेला प्रकार सांगतो. तेथील प्रिंटरला कागद आपोआप ओढून घेणारा फीडर होता. वेळ वाचावा म्हणून रजिस्टराची शिवण उसवून पाने सुटी करण्यात आली व फीडरमध्ये घालण्यात आली. तिसरे पान रुळांत अडकून उभे फाटले. पुढे ते चिकटविले खरे, परंतु दोन मुलांच्या जन्मतारखा त्या चिरेत गेल्या. त्यांच्या नातवंडांनी आता तो पुरावा कोठून आणावा?

फीडर वाईट नव्हे. एका मापाच्या कोऱ्या-करकरीत कागदांचा गठ्ठा स्कॅन करण्यास तो उत्तम. जुने पान मात्र काचेवरच ठेवावे. म्हणून प्रथम काच व झाकण पाहावे. बहुतेक यंत्रांची काच ए-४ मापाची, म्हणजे २१० × २९७ मि.मी. असते, रजिस्टराचे पान बहुधा तीत मावत नाही. लीगल मापाची, २१६ × ३५६ मि.मी. काच मिळाल्यास बरे. न मिळाल्यास पान दोन भागांत, मधल्या ओळी दोन्हींत येतील असे घ्यावे. झाकणाची बिजागरी वर उचलली जाणारी असावी, म्हणजे जाड वही खाली बसते. स्वस्त यंत्रांतील टिपणारी पट्टी काचेला टेकलेला भागच स्पष्ट टिपते. शिवणीजवळची अक्षरे पुसट येतात. फिकट शाईचे पान काळ्या-पांढऱ्यात न घेता रंगीत व इंचास ३०० बिंदू इतक्या सूक्ष्मतेने घ्यावे.

दुसरी बाब विजेची. लेझर प्रिंटर पूड कागदावर वितळविण्यासाठी सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण करतो व छपाईच्या वेळी शेकडो वॅट वीज ओढतो. शाळेचा छोटा इन्व्हर्टर तेथे बंद पडतो. शाईच्या टाकीचे यंत्र थोड्या विजेवर चालते, परंतु उन्हाळी सुट्टीत पडून राहिल्यास त्याची छिद्रे सुकतात. आठवड्यास एक रंगीत पान काढीत गेल्यास हा त्रास टळतो. अकोल्याच्या पश्चिम भागातील पावसाळी शाळांनी आणखी एक पाहावे : काळी शाई ‘पिगमेंट’ जातीची असावी. साधी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते, आणि शाळा सोडल्याचा दाखला तर पुष्कळदा भिजत घरी जातो.

दोन्ही बाजूंस आपोआप छपाई होत असेल तर कार्यपत्रिकांचा कागद निम्म्यावर येतो. या सोयीसाठी थोडे अधिक पैसे द्यावेत. एका पानावर ओळखपत्राच्या दोन्ही बाजू छापण्याची सोय प्रवेशाच्या दिवसांत उपयोगी पडते. इंटरनेट नसतानाही मोबाईलवरून थेट छापता येणे हे संगणक नसलेल्या द्विशिक्षकी शाळांना वरदानच होय. फॅक्स व चकचकीत छायाचित्रे यांसाठी मात्र पैसा घालू नये. आमच्या विद्यार्थिदशेतील सायक्लोस्टाइल यंत्राला तर यांपैकी एकही सोय नव्हती, तरी प्रश्नपत्रिका वेळेवर निघत.

खरेदी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व प्रचलित नियम यांनुसार करावी. यंत्र पाहावयास जाताना सोबत एक जाड, जुनी, कामातून गेलेली वही न्यावी, ती काचेवर ठेवून शिवणीजवळची अक्षरे वाचता येतात का ते तेथेच पाहावे, आणि दुरुस्तीचे केंद्र तालुक्यास आहे की नगरास, हे विचारून घ्यावे.