सेकंदाला तीन शब्द

ब्रिटनचे अर्थमंत्री, म्हणजे चॅन्सेलर, संसदेत अर्थसंकल्प वाचून खाली बसतात, आकडेवारीचे जाडजूड दस्तऐवज त्याच क्षणी खुले होतात, आणि थोड्याच वेळात बीबीसीच्या अर्थसंपादकाला कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगावं लागतं की यात सामान्य माणसाचं काय. इंग्रजी बातम्यांचा ढोबळ हिशेब सेकंदाला तीन शब्दांचा. म्हणजे अडीच मिनिटांत साडेचारशे. हा लेख जेमतेम तेवढाच आहे. महागाई, व्याजदर, सरकारी कर्ज, पेन्शन, सगळं त्यात कोंबायचं! असं काम करणारा माणूस निघाला की त्याच्या जागी आणायचा तरी कुणाला?

शब्दांचं वजन किती, ते १३ सप्टेंबर २००७ च्या संध्याकाळी दिसलं. बीबीसीचे तेव्हाचे उद्योगसंपादक रॉबर्ट पेस्टन यांनी बातमी फोडली : नॉर्दर्न रॉक बँकेनं बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितली आहे. दुसऱ्या दिवशी शाखांपुढे रांगा. पीएमसी बँकेच्या दारातली गर्दी आठवणाऱ्या मुंबईकराला ते चित्र समजावून सांगायला नको. आणि ते लोक काही वेडे नव्हते. तेव्हाच्या नियमानुसार ठेवीतले पहिले २,००० पौंड पूर्ण सुरक्षित, त्यापुढच्या ३३,००० पौंडांचे ९० टक्के, त्याच्यावर काहीच नाही. हे गणित कळलेला माणूस रांगेत उभा राहणारच. ब्रिटनमध्ये एखाद्या बँकेवर अशी झुंबड १८६६ नंतर प्रथमच उडाली होती. पुढे २००९ मध्ये संसदीय समितीनं पेस्टन आणि इतर काही पत्रकारांना समोर बसवून, बँकांच्या संकटात माध्यमांचा वाटा किती, असं विचारलं. बातमी देणाऱ्यालाच बातमीचा जाब!

आता बीबीसीच्या अर्थसंपादकाच्या खुर्चीकडे वळू. १९९० साली ती पीटर जे यांच्याकडे आली. जे आधी 'द टाइम्स'चे अर्थसंपादक. सासरे जेम्स कॅलघन पंतप्रधान असताना जावईबापू वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले आणि वशिलेबाजीची मोठी ओरड झाली. त्यांच्यानंतर २००१ मध्ये इव्हान डेव्हिस. ते मूळचे अर्थशास्त्राचे संशोधक, आणि 'न्यूजनाइट' कार्यक्रमाचे अर्थसंपादक. २००८ मध्ये ते रेडिओवर 'टुडे' सादर करायला गेले आणि स्टेफनी फ्लँडर्स आल्या. त्यांनी पूर्वी अमेरिकेच्या अर्थखात्यात लॅरी समर्स यांची भाषणं लिहून दिलेली. त्याही 'न्यूजनाइट'च्याच. चला, वाट सापडली म्हणायची : 'न्यूजनाइट'च्या अर्थसंपादकानं पुढे मोठ्या खुर्चीत बसायचं.

२०१३ मध्ये फ्लँडर्स जेपी मॉर्गनकडे निघाल्या, तेव्हा या हिशेबानं नाव निघत होतं पॉल मेसन यांचं. पण ते त्याच वर्षी चॅनल फोरला गेलेले. खुर्ची मिळाली पेस्टन यांना, म्हणजे आजवर कंपन्या आणि बँकांच्या बातम्या हुडकणाऱ्या माणसाला. मला यात योगायोगापेक्षा काळाची चाहूल जास्त दिसते. २००८ नंतर अर्थव्यवस्था म्हणजे सिद्धान्त आणि आलेख एवढंच उरलं नव्हतं. कुठल्या बंद खोलीत कोण कुणाशी काय बोललं, हेही अर्थकारणच झालं होतं. तिथं डॉक्टरेटपेक्षा फोनमधले नंबर कामाला येतात. त्यांच्यानंतर आलेले कमाल अहमदही उद्योगसंपादकच होते. म्हणजे नवी वाट पडली म्हणावी, तर तीही टिकली नाही.

२०१९ मध्ये आले फैसल इस्लाम. स्काय न्यूजचे राजकीय संपादक! त्याआधी चॅनल फोरवर अर्थसंपादक म्हणून त्यांनी मंदी जवळून पाहिलेली, पण नेमणूक झाली ती ब्रेक्झिटच्या धुमाळीत. सीमाशुल्काचा प्रश्न संसदेतल्या मतांच्या गणितावर टांगलेला असताना दोन्ही भाषा बोलणारा माणूस हवाच होता. गंमत म्हणजे पेस्टन यांनी हीच वाट उलट दिशेनं धरलेली : बीबीसीची अर्थसंपादकी सोडून ते आयटीव्हीचे राजकीय संपादक झाले. म्हणून पुढच्या नावाची पैज लावायचीच असेल, तर मी अर्थविभागाच्या ज्येष्ठता यादीपेक्षा राजकीय वार्ताहरांच्या टेबलाकडे आधी बघेन.