नशा आणि न्याय, लेखांक सहावा : बातमीदार कोण होता?

अमली पदार्थांच्या खटल्याची कागदपत्रं वाचायला घेतली की फिर्यादीच्या पहिल्या चार ओळींतच एक वाक्य हटकून भेटतं. गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की, एक इसम अमुक ठिकाणी, अमुक वेळी माल घेऊन येणार आहे. मग सापळा, पंच, झडती, मुद्देमाल, अटक असा क्रम लागतो. झडती आणि पंचनामा आपण गेल्या आठवड्यात पाहिला. पंचाला निदान साक्षीला बोलावता येतं, त्याची सही पाहता येते, उलटतपासणीत त्याला घोळात घेता येतं. बातमीदाराच्या बाबतीत यातलं काहीच शक्य नसतं. तो कोण, त्याला हे कसं कळलं, त्याला पैसे मिळाले का, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर गुन्हा आहे का, आणि मुळात असा कोणी माणूस आहे का, हे आरोपीच्या वकिलाने विचारलं तरी उत्तर देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही.

खबऱ्याशिवाय हा तपास अवघड आहे, हे आधी मान्य करू. चोरी झाली की ज्याचं गेलं तो पोलीस ठाण्यात येतो, मारामारी झाली की जखमी येतो. एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पुडी विकणारा आणि घेणारा मात्र दोघेही राजी असतात. तक्रार करायला कोणी येतच नाही. आतली माहिती आतल्याच माणसाकडून काढावी लागते आणि त्याचं नाव फुटलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. गुप्ततेमागचं हे कारण खरं आहे. पण त्या गुप्ततेच्या आडोशाला आणखी कोण कोण उभं राहतं, ते पाहण्यासाठी अमेरिकेतली दोन प्रकरणं सविस्तर बघावी लागतील. तिथे खोटं शेवटी उघड झालं, आणि ते कसं उघड झालं त्यातच आपल्या कामाची गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २००६. जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर. तिथल्या अमली पदार्थविरोधी पथकाने दुपारी एका किरकोळ विक्रेत्याला पकडलं आणि तुरुंगाची भीती दाखवून मोठा माल कुठे आहे ते विचारलं. त्याने एक घर दाखवलं. नियमाप्रमाणे पथकाने आपल्या विश्वासातला खबऱ्या त्या घरी गिऱ्हाईक म्हणून पाठवायला हवा होता, खरेदी झाली तरच न्यायाधीशांकडे जायचं होतं. खबऱ्या त्या दिवशी येऊ शकत नव्हता. पोलिसांनी थांबायचं टाळलं आणि शपथपत्रात लिहून टाकलं की आमच्या खबऱ्याने आज या घरातून कोकेन विकत घेतलं, आणि घराला कॅमेरे लावलेले आहेत. न्यायाधीशांनी दार न ठोठावता आत शिरण्याचं वॉरंट दिलं.

घरात ९२ वर्षांची एक स्त्री एकटी राहत होती. रात्रीच्या सुमारास कोणीतरी दाराचे गज कापतंय हे ऐकून तिने जवळचं जुनं रिव्हॉल्व्हर उचललं आणि एक गोळी झाडली. ती कोणालाच लागली नाही. उत्तरादाखल पोलिसांनी ३९ गोळ्या झाडल्या. जखमी झालेल्या तीन पोलिसांना लागलं ते त्यांच्याच गोळ्यांमुळे. घरात कोकेन नव्हतं. मग एका अधिकाऱ्याने तळघरात गांजाच्या पुड्या ठेवल्या आणि पथकाने खबऱ्याला गाठून सांगितलं, तू तिथून माल घेतलास असं म्हण.

इथे त्या खबऱ्याने नकार दिला. आयुष्यभर किरकोळ गुन्ह्यांच्या कडेने वावरलेला, पोलिसांच्या पैशांवर अवलंबून असलेला माणूस. त्याने केंद्रीय तपासयंत्रणेकडे जाऊन सांगितलं की आपण त्या घरी कधी गेलोच नव्हतो, आणि तेच टीव्हीवर येऊनही सांगितलं. या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर त्याचा वाटतो. शपथ घेतलेले अधिकारी खोटं बोलत होते, आणि ज्याच्या शब्दाला समाजात काडीची किंमत नव्हती तो खरं बोलला. पुढे तीन अधिकाऱ्यांना २००९ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. ठरावीक संख्येने अटका आणि वॉरंटं दाखवण्याचा दबाव पथकावर होता, हेही तपासात पुढे आलं.

दुसरं प्रकरण ह्यूस्टनचं. २८ जानेवारी २०१९ रोजी तिथल्या अमली पदार्थ पथकाने हार्डिंग स्ट्रीटवरच्या एका घरावर छापा घातला. घरातलं मध्यमवयीन जोडपं गोळीबारात मारलं गेलं, चार पोलिसांना गोळ्या लागल्या. वॉरंट मिळवणारा अधिकारी जेराल्ड गोइन्स याने शपथेवर लिहिलं होतं की आपल्या खबऱ्याने आदल्या दिवशी तिथून हेरॉइन घेतलं. झडतीत हेरॉइन सापडलं नाही; थोडा गांजा आणि थोडं कोकेन सापडलं. वरिष्ठांनी विचारलं, कोणता खबऱ्या? गोइन्सने नाव सांगितलं. त्या खबऱ्याने हात वर केले. मग तपास अधिकाऱ्यांनी गोइन्ससाठी काम करणाऱ्या सगळ्या खबऱ्यांची यादी घेतली आणि एकेकाला विचारलं. त्या घरातून खरेदी केल्याचं एकानेही कबूल केलं नाही. तो खबऱ्या नव्हताच. २०२४ मध्ये गोइन्स खुनाच्या आरोपात दोषी ठरला आणि त्याला ६० वर्षांची शिक्षा झाली.

गोइन्स त्या खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ होता. त्याच्या शब्दावर उभे राहिलेले जुने खटले उकरायला घेतल्यावर अनेकांच्या शिक्षा रद्द झाल्या. त्या ढिगात २००४ चा एक छोटा खटला होता, दहा डॉलरच्या क्रॅक कोकेनचा. आरोपीने गुन्हा कबूल करून दहा महिन्यांची कैद भोगली. त्याचं नाव जॉर्ज फ्लॉइड. २०२० मध्ये मिनिआपोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली ज्याचा जीव गेला, तोच.

कायदा हे सगळं आधी का पकडू शकला नाही? १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अटकेला किंवा झडतीला पुरेसं कारण होतं का, एवढ्यापुरत्या सुनावणीत पोलिसांनी खबऱ्याची ओळख सांगायची गरज नाही. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने वॉरंटसाठीची जुनी, कडक कसोटी सैल केली. त्याआधी खबऱ्या विश्वासू का आणि त्याला माहिती कशी मिळाली, ही दोन्ही उत्तरं वेगवेगळी द्यावी लागत. नंतर एकूण परिस्थिती पाहून ठरवलं तरी चालू लागलं. शपथपत्र खोटं आहे असं म्हणायचा हक्क आरोपीला आहे, पण खोटेपणाचा सुरुवातीचा पुरावा त्यानेच आणायचा. ज्या माणसाला भेटता येत नाही, ज्याचं नाव माहीत नाही, तो माणूस नव्हता हे कैदेत बसून कसं सिद्ध करायचं?

पैशाचा प्रश्न वेगळा आहे. टेक्सासमधल्याच डॅलस शहरात २००१ च्या सुमारास पोलिसांचा एक खबऱ्या किलोमागे किलो कोकेन पकडून देत होता. मोबदला जप्तीच्या वजनाशी जोडलेला. त्याला दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. पकडले जात होते ते बहुतेक मेक्सिकोतून आलेले मेकॅनिक आणि मजूर, ज्यांना इंग्रजी धड येत नव्हतं. माल प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं की त्यात मुख्यतः जिप्सम आहे, घराच्या भिंतींचे तक्ते ज्यापासून करतात ते. डझनावारी खटले मागे घ्यावे लागले, पण तोपर्यंत माणसं महिनोन् महिने तुरुंगात राहून आली होती. किलोला दर लावला की किलो तयार होतात. आपल्याकडेही अमली पदार्थांच्या जप्तीसाठी बातमीदारांना आणि अधिकाऱ्यांना बक्षिसं देण्याची सरकारी योजना आहे आणि ती जप्त मालाशी बांधलेली आहे, म्हणून डॅलसचं प्रकरण आपण नीट वाचायला हवं.

खबऱ्याचं स्वतःचं काय होतं, याचा विचार तर फारच कमी होतो. २००८ साली फ्लोरिडातल्या टॅलहासी शहरात नुकतीच पदवी घेतलेली २३ वर्षांची एक मुलगी थोडा गांजा आणि काही गोळ्यांसह पकडली गेली. केस हलकी करू, असं सांगून पोलिसांनी तिला १३ हजार डॉलर देऊन दोन अनोळखी माणसांकडे गोळ्या, कोकेन आणि पिस्तूल घ्यायला पाठवलं. त्या माणसांनी ऐन वेळी जागा बदलली. पाळत ठेवणाऱ्या पोलिसांचा तिच्याशी संपर्क तुटला आणि तिचा खून झाला. तिने वकिलाला विचारलं नव्हतं. विचारता येतं हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्याने २००९ मध्ये फ्लोरिडाने तिच्या नावाने ‘रेचल्स लॉ’ केला. खबऱ्यांशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण, त्यांच्या सुरक्षिततेचा आधी विचार आणि वकिलाशी बोलायची मुभा, असा त्याचा आशय आहे.

आता आपल्या कायद्याकडे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला आपण सगळे एनडीपीएस म्हणतो, त्याचं कलम ६८ म्हणतं की माहिती कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही. पुराव्याच्या सर्वसाधारण कायद्यातही तेच संरक्षण आहे, आधी कलम १२५ होतं, भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३१ झालं. तोल सांभाळण्यासाठी एनडीपीएसमध्ये कलम ४२ आहे. घर, दुकान, बंद जागा यांची झडती घ्यायची तर मिळालेली बातमी आधी लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना पाठवायची. २००९ मध्ये कर्नैल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हे अजिबातच न करणं खपणार नाही, उशीर झाला तर समाधानकारक कारण द्यावं लागेल. तरतूद चांगली आहे. पण त्या कागदावर बातमी असते, बातमीदार नसतो. वरिष्ठांपर्यंत पोचते ती कनिष्ठाने लिहिलेली गोष्ट. झडती रस्त्यावर, स्टेशनवर, सार्वजनिक जागी झाली तर कलम ४३ लागतं आणि लिहून काढण्याची ही अटही उरत नाही.

याच्या जोडीला बाकीची कलमं वाचा. माल ताब्यात सापडला की कलम ५४ प्रमाणे गुन्हा गृहीत धरला जातो, निर्दोष असल्याचं आरोपीने दाखवायचं. मेफेड्रोन ५० ग्रॅम भरलं की ते व्यापारी प्रमाण, म्हणजे किमान दहा वर्षं. व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीन मिळणं जवळपास अशक्य. इतकं जड ओझं ज्याच्या डोक्यावर ठेवायचं, त्याला एवढंही विचारता येत नाही की माझ्याकडे बोट कोणी दाखवलं.

खोटी बातमी देणाऱ्याला शिक्षा आहे. कलम ५८ म्हणतं, जाणूनबुजून आणि द्वेषाने खोटी माहिती देऊन कोणाची झडती किंवा अटक घडवून आणली तर दोन वर्षांपर्यंत कैद. मात्र माहिती देणाऱ्याचं नाव कलम ६८ झाकून ठेवतं. एक कलम शिक्षा सांगतं आणि दुसरं तिला पोचू देत नाही. केरळात २०२३ मध्ये छोटा व्यवसाय करणाऱ्या एका स्त्रीच्या बॅगेत एलएसडीचे स्टॅम्प असल्याची बातमी उत्पादन शुल्क खात्याला मिळाली. स्टॅम्प सापडले, तिला अटक झाली, ७२ दिवस ती तुरुंगात होती. रासायनिक अहवाल आला तेव्हा कळलं, ते एलएसडी नव्हतंच. ती गप्प बसली नाही, प्रकरण गाजलं, बातमी कोणी दिली याचा तपास झाला आणि संशयिताला अटकही झाली. अहवालात एलएसडी निघालं असतं तर? कोणीतरी खरे स्टॅम्प ठेवले असते तर? तेव्हा बातमी देणारा कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता आणि ती अजूनही दहा वर्षांच्या शिक्षेशी झुंजत असती.

मुंबईत ऑगस्ट २०२४ मध्ये कलिना भागात झडती घेताना पोलिसच एका माणसाच्या खिशात काहीतरी सरकवत असल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि चार जण निलंबित झाले. तिथे कॅमेरा होता. कानात सांगितलेल्या बातमीवर कॅमेरा कुठून येणार?

अटलांटात खोटं फुटलं कारण खबऱ्या खरोखर होता आणि बोलला. ह्यूस्टनमध्ये ते फुटलं कारण खबऱ्यांची यादी खात्याकडे होती आणि कोणीतरी ती घेऊन दारोदार गेलं. दोन्हीकडे त्यासाठी आधी माणसं मरावी लागली, हे अत्यंत दुःखद आहे. पण उपाय तिथेच दिसतो. खबऱ्याचं नाव आरोपीला किंवा उघड न्यायालयात सांगण्याची गरज नाही. प्रत्येक बातमीदाराला सांकेतिक क्रमांक असावा. त्याचं खरं नाव, त्याला दिलेले पैसे, त्याच्यावरचे गुन्हे आणि त्याच्या आधीच्या किती बातम्या खऱ्या निघाल्या, ही नोंद पथकाबाहेरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे मोहोरबंद असावी. बचाव पक्षाने गंभीर शंका घेतली तर न्यायाधीशांनी ती नोंद आपल्या कक्षात पाहावी, गरज वाटली तर त्या माणसाला एकट्याने बोलावून विचारावं. नाव न्यायाधीशांपलीकडे जाणार नाही, आणि नसलेला बातमीदार कागदावर जन्माला घालणं फार कठीण होईल. कच्च्या केसेसमध्ये अडकलेल्या पोरांना खबऱ्या बनवण्याआधी वकिलाशी बोलू द्यावं, हेही त्याच नियमावलीत यायला हवं. आज हे सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि खात्याच्या अंतर्गत शिस्तीवर सोडलेलं आहे.

यावर पोलीस दलातून एक आक्षेप नेहमी येतो, की यादी केली तर ती फुटेल आणि खबरे बोलायचे थांबतील. भीती खोटी नाही. आपल्याकडे मोहोरबंद कागदही फुटतात. म्हणून ती नोंद स्थानिक ठाण्यात ठेवू नये, आणि ती कोणी कधी उघडली याचीही नोंद राहावी.

पुढच्या लेखांकात मुद्देमालाकडे वळू. जप्त केलेल्या पुडीतून नमुना कोण काढतो, कोणासमोर काढतो, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कोणाकोणाच्या हातातून जाते, ते पाहू.